नळ सोडून केलेली तालीम

"एकच प्रयोग गं! फक्त उद्याचा. तेवढा नळ काढून टाक म्हणतोय मी."

"नळ काढू? मामा, नळ काढला तर पहिल्या सकाळीत उरतं काय? तू खुर्चीत बसलायस आणि ती तुला पाणी आणून देतेय. हे बघायला लोक तिकीट कशाला काढतील? घरी फुकट दिसतं ते त्यांना."

"मग दुसरं काहीतरी घाल. लेखिका तू आहेस ना? घाल."

"उद्या दुपारी प्रयोग आहे आणि आज घालू? चहात साखर घालायचीय का?"

"बरं, मग तिला नको बोलावूस."

"कोणाला?"

"तुझ्या मामीला."

भाची हातातली संहिता तशीच धरून उभी राहिली. "बोलावून झालंय. काल फोन केला मी. आधी म्हणाली, असू दे गं, मुलं असतात. म्हटलं उद्या सुट्टी आहे, तुझं पाळणाघर बंद असतं. मग म्हणाली, बघते. आणि तुला रे काय झालं? इतकी वर्षं तोंडाला रंग फासतोयस, पहिल्यांदा मोठं काम मिळालंय, मामीनं तुला कधी स्टेजवर पाहिलेलं नाही. आनंद व्हायला नको?"

"तिला नाटक आवडत नाही."

"असं ती म्हणाली?"

"मला माहितीये."

"म्हणजे विचारलेलं नाहीस."

मामा स्टेजवरच्या त्या एकुलत्या एका खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तालमीचा हॉल सायकलच्या दुकानावर होता. खाली कुणीतरी चाक गरागरा फिरवून तपासत होतं. मामांनी त्या चाकात फार लक्ष घातलं. भाचीला तोंड दाखवायचं नसलं की माणसाला सायकलीसुद्धा आवडायला लागतात.

मामा म्हणजे भाचीचे सख्खे मामा. पण तिच्या नाटकमंडळीत सगळेच त्यांना मामा म्हणत. पोटापाण्यासाठी ते एका लॅबमध्ये कवळ्या बनवत. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, ते प्लास्टरमध्ये ओतायचे, गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवायच्या, त्यांत एकेक दात बसवायचा, शेवटी चाकावर घासून झळाळी आणायची. काम चोख. संध्याकाळी मात्र त्यांचे पाय आपसूक नाटकाकडे वळत. कुठल्याही मंडळीत त्यांना मिळालं ते असलंच काम: पोस्टमन, पहारेकरी, बातमी सांगून निघून जाणारा डॉक्टर. आत यायचं, वाक्य टाकायचं, बाहेर पडायचं. हशा आपल्या वाट्याला यावा अशी आस मनात. पण पोस्टमनला कोण हसतं? पत्र द्यायचं आणि चालू लागायचं.

आणि मग भाची नाटकाचं शिकून आली. तिनं हे नाटक लिहिलं, बसवायला घेतलं आणि मुख्य काम दिलं मामांना. मामा त्या दिवशी लॅबमध्ये एका आजोबांच्या कवळीला पुढचे दात उलटे लावून बसले होते.

नाटकात एकाच घरातली एकच सकाळ तीनदा होते. घरात हाताची खुर्ची एकच, आणि तीत नवरा. पहिल्या सकाळी तो वर्तमानपत्रातून मान न काढता हात लांब करतो आणि त्या हातात ग्लास येतो. पुन्हा हात, चष्मा. पुन्हा हात, पेन. बायको मुकी नाही, पण तोंडून "असू दे" आणि "आणते" याखेरीज काही निघत नाही. दुसऱ्या सकाळी तेच सगळं. फक्त नवऱ्याची बहीण राहायला आलेली. वहिनी जितकी अबोल तितकी ही तोंडाळ. ती काही उपदेश करत नाही, नुसते प्रश्न विचारते. "का रे, पाय दुखतात का तुझे? नाही? मग डॉक्टरांनी उठू नको म्हणून सांगितलंय? तेही नाही? मग वहिनी, याला झालंय तरी काय? मला नीट सांगा, आईला कळवावं लागेल." तिसऱ्या सकाळी बायको कुठूनशी एक दुसरी खुर्ची आणते, नवऱ्याशेजारी मांडते आणि बसते. नवरा सवयीनं हात लांब करतो. हात हवेत राहतो. तो हलत नाही, ती हलत नाही. मग ती म्हणते, "ग्लास ओट्यावर आहे." अंधार.

"आणि विषय निघालाच आहे, तर शेवटच्या हाताचंही बोलून घेऊ," भाची म्हणाली. "खिडकीत काय बघतोस? इकडे बघ."

"आता हाताला काय झालं? परवा हॉल डोक्यावर घेतला लोकांनी."

"तेच म्हणतेय. तो हशा तुझा नाहीये मामा! हात हवेत ठेवून थांबायचं एवढंच लिहिलंय मी. आणि तू काय करतोस? पाऊस पडतोय का बघतोस. बोटं मोजतोस. स्वतःच्या हाताची रेषा वाचतोस. मग त्याच हातानं प्रेक्षकांना नमस्कार! लोक आडवे पडतात, आणि त्या गोंधळात तुझी बायको झालेल्या नर्सचं वाक्य पार बुडतं. बिचारी परवा तीनदा म्हणाली 'ग्लास ओट्यावर आहे'. शेवटी प्रकाशवाल्याला दया आली."

"लोकांना हसवायला आलो ना आपण?"

"पहिल्या सकाळी लोक तिला हसतात. त्यासाठी तर ती अशी लिहिलीय. दुसऱ्या सकाळी तुला हसतात. तिसऱ्या सकाळी त्यांच्या घशात हसू यायला हवं आणि तिथंच अडकायला हवं, कारण तो हात त्यांच्या घरचा आहे. कळतंय का? त्या अडकण्यासाठी मी दोन सकाळी लोकांना हसवत आणते. आणि तू तिथे पोहोचल्यावर त्यांना सोडवतोस. 'चला, गंमत होती, जा घरी!' मग नवरा पुन्हा लाडका, आणि ती पुन्हा बावळट."

मामांना हे पटत होतं. पण रिकामा हात हवेत धरून शांततेत बसून राहायचं म्हणजे कपडे उतरवून चौकात उभं राहिल्यासारखं वाटायचं. शांतता झाली की हात आपण होऊन पाऊस तपासायला लागायचा.

"बरं," ते म्हणाले. "देवाणघेवाण करू. मी उद्या हात हलवणार नाही. पुतळा होतो. तू नळ काढ."

"नळ का? ते मला आधी सांग. अरे, तो तुलाच सुचलेला प्रसंग! सगळे तुझं कौतुक करतात त्याच्यावरून."

सांगता आलं असतं. हॉलमध्ये दोघंच होते. पण ते म्हणाले, "जाऊ दे. उशीर होतोय मला लॅबला." आणि पिशवी उचलून निघाले.

*

झालं होतं असं. तालमींच्या सुरुवातीला पहिली सकाळ रंगतच नव्हती. बायकोचं काम करणारी बाई मूळची नर्स. वॉर्डभर दणदणीत आवाजात हुकूम सोडणारी. तिला गप्प बसणं जमेना. ती गप्प बसली की रागावल्यासारखी दिसे. भाची हैराण, सगळे हातावर हात ठेवून बसलेले. तेव्हा मामा उठले. म्हणाले, "मी करून दाखवू?"

आणि त्यांनी मामी करून दाखवली.

दारात येऊन एक श्वास थांबणं. ग्लासाचं बूड तळहातानं पुसूनच तो पुढे करणं, म्हणजे टेबलावर ओला डाग पडायला नको. आणि मग नळ. मामीला मामांपाशी काही बोलायचं असलं की ती आधी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची आणि त्या आवाजाखाली वाक्याची तालीम करायची. "मी म्हणत होते, यंदा..." "मी म्हणत होते, तुम्हाला वेळ असला तर..." एकदा मामा दाराआड उभे होते म्हणून त्यांना ते ऐकू आलं, नंतर ते मुद्दाम उभे राहायला लागले. पाण्याच्या आवाजात पुढचं कधीच कळायचं नाही. मग नळ बंद व्हायचा, मामी बाहेर यायची. मामा विचारायचे, "काय गं?" ती म्हणायची, "काही नाही. पाणी देऊ?"

मंडळी गडाबडा लोळली. भाचीनं डोळे पुसत विचारलं, "मामा! हे कुठून आणलंस?"

"सुचलं," मामा म्हणाले.

त्या एका शब्दाला नंतर मागे घेण्याची सोय राहिली नाही. भाचीनं त्यावरून अख्खा प्रसंग लिहिला. मामीचं वाक्य अर्धंच होतं, म्हणून पुढचं तिनं मनानं घातलं: बायकोला घरात दुसरी खुर्ची हवी असते. नर्स नळ सोडून घोकते, "मी म्हणत होते, एक खुर्ची घेऊ या का?" मग, "खुर्च्या किती छान मिळतात नाही हल्ली!" मग, "कोणी आलं-गेलं तर बसायला..." मग बाहेर येऊन, "काही नाही. पाणी देऊ?" दर प्रयोगाला टाळी. आणि खुर्चीत वर्तमानपत्राआड बसलेल्या मामांना वाटायचं, टाळी माझी आहे. नर्सनं एकदा चहा पिताना विचारलं, "मामा, ती मान खाली घालून बोलायची लकब कुठे पाहिलीत हो?" तेव्हा ते फुशारकीनं म्हणून गेले, "घरी बघतो ना रोज."

तेव्हा लाज वाटली नव्हती. मामी नाटकाला येणार म्हटल्यावर वाटली. चार भिंतींत केलेली चोरी चोरी वाटत नाही. मालक दारात दिसला की हातातलं भांडं जड होतं.

*

लॅबमध्ये त्या दुपारी मामा घासणीच्या चाकापाशी बसले. चाक घूं घूं करत होतं, पांढरी भुकटी हातांवर उडत होती, कुणा आजीबाईंची वरची कवळी चमकायला लागली होती. आणि मामांचे ओठ हलत होते.

"मी म्हणत होतो, उद्या तू नाही आलीस तरी चालेल." छे. "मी म्हणत होतो, हॉलमध्ये फार उकडतं." ती म्हणेल, असू दे. "मी म्हणत होतो, नाटकात एक बाई आहे, ती थोडीशी... म्हणजे तुला वाटेल की..." मामांनी कवळी उलटी केली. "मी म्हणत होतो, माझ्या हातून एक..."

"काय म्हणत होता?" शेजारच्या टेबलावरच्या मेणवाल्यानं चाकाच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाले.

आणि त्यांना एकदम कानशिलं तापल्यासारखी वाटली. चाक बंद केलं तर लॅबमध्ये इतकी शांतता झाली की त्यांनी ते घाईघाईनं परत सुरू केलं.

घरी पोहोचले तर पुढच्या खोलीत एकच मूल उरलं होतं. त्याची आई अजून यायची होती. मामी जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि लाकडी घोड्याच्या, घोड्यावरच्या राजाच्या आणि राजाला चावणाऱ्या डासाच्या आवाजात पाळीपाळीनं बोलत होती. डास भलताच आगाऊ होता. राजाला म्हणत होता, "महाराज, जरा सरकून बसा, मला जागा पुरत नाही." मूल हसून हसून कलंडलं होतं. मामांनी चपला काढल्या तशी मामी थांबली. घोडा बाजूला ठेवला. "आलात? चहा टाकते," ती म्हणाली, नेहमीच्या त्या बारीक आवाजात.

मुलाला डासाचं पुढं काय झालं ते हवं होतं. मामांनाही हवं होतं. विचारायला मात्र तोंड नव्हतं.

मूल गेल्यावर त्यांनी हाक मारली. "अगं."

"काय?"

"काही नाही. उद्या... येतेयस ना?"

"ती एवढी म्हणाली म्हणून. तुमची हरकत असली तर—"

"छे छे. हरकत कसली!"

ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं आतून नळाचा आवाज आला. भांडी वाजत नव्हती. नुसताच नळ. एरवी मामा हलक्या पावलानं दाराशी गेले असते. आज ते उठून बाहेरच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले आणि रस्त्यावरची रहदारी बघत राहिले, कानावर काही पडू नये म्हणून. आत आले तेव्हा नळ बंद झाला होता, चहा तयार होता आणि मामीला काही सांगायचं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी आली. शेजारच्या वहिनींना सोबत घेऊन आली. नेहमीपेक्षा चांगले कपडे, पायांत ठेवणीतल्या चपला. भाचीनं दोघींना तिसऱ्या रांगेत बसवलं. मामांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. मामी छताकडे बघत होती, दिव्यांकडे बघत होती, आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसली. कुणाची तरी वाट बघावी तशी.

पहिली सकाळ सुरू झाली. हात, ग्लास. हात, चष्मा. लोक हसायला लागले. मामा खुर्चीत वर्तमानपत्राआड बसले होते. नळाच्या प्रसंगात त्यांना नुसतं बसूनच राहायचं होतं. कागदाच्या कडेवरून तिसरी रांग स्पष्ट दिसत होती. त्यांनी ठरवलं होतं, बघायचं नाही. ते बघत होते.

नर्सनं नळ सोडला. "मी म्हणत होते, एक खुर्ची घेऊ या का?" हॉल हसला. मामी हसली. खरंच हसली! शेजारच्या वहिनींकडे वळून काहीतरी म्हणाली आणि दोघी तोंडाला हात लावून हसल्या. मामांच्या जिवात जीव आला. कळलं नाही तिला. माणसाला स्वतःची पाठ कुठे दिसते? "मी म्हणत होते, खुर्च्या किती छान मिळतात नाही हल्ली!" पुन्हा हशा. मग नर्सनं ग्लास भरला, तळहातानं त्याचं बूड पुसलं, दाराशी आली आणि एक श्वास थांबली.

मामीचं हसू गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्या मागून ती निघून गेली. शेजारच्या वहिनी अजून खिदळत होत्या, त्यांनी कोपरानं मामीला ढोसलं, "बघा की हो, कशी बावळट!" मामी मांडीवरच्या आपल्या तळहाताकडे बघत होती.

"काही नाही. पाणी देऊ?" नर्स म्हणाली. टाळ्या पडल्या.

त्यानंतरचं नाटक मामांनी केलं म्हणजे त्यांच्या अंगानं केलं. नणंद आली, तिचे प्रश्न झाले, लोकांनी नवऱ्याला यथेच्छ हसून घेतलं. तिसरी सकाळ आली. नर्सनं खुर्ची आणली, शेजारी मांडली, बसली. मामांनी हात लांब केला.

हात हवेत राहिला. लोक हसले, आणखी काहीतरी गंमत होणार म्हणून वाट बघायला लागले. मामांना पाऊस आठवला नाही, रेषा आठवल्या नाहीत. त्यांना फक्त दिसत होतं की हा रिकामा हात तिसऱ्या रांगेच्या दिशेनं पुढे केलेला आहे. तो मागे घ्यावा तरी चोरी, ठेवावा तरी चोरी. हशा विरला. कुणीतरी खोकलं. नर्सनं चमकून मामांकडे पाहिलं, आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा घाई न करता, हलक्या आवाजात म्हणाली, "ग्लास ओट्यावर आहे."

अंधार झाल्यावरही टाळी यायला वेळ लागला.

विंगेत भाची मामांच्या गळ्यातच पडली. "मामा! जमलं! हेच, हेच म्हणत होते मी इतके दिवस! कसं केलंस रे?"

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर ज्या शाबासकीसाठी जीव टाकला ती अशी मिळाली, आणि ती नटाला नव्हतीच मुळी.

रंग पुसून बाहेर येईपर्यंत प्रेक्षक पांगले होते. दारापाशी मामी उभी होती, आणि तिचे दोन्ही हात हातांत घेऊन नर्स वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. "मामी, तुम्ही आलात, फार बरं वाटलं हो! अहो, तुमच्याच जिवावर टाळ्या घेतेय मी. मामांनी मला सगळं करून दाखवलं होतं. तुमचं ते दाराशी थांबणं, ग्लास पुसणं, नळ... मला कुठलं सुचायला!"

नर्सचं मन निर्मळ. तिला वाटलं, आपण मान देतोय.

भाचीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिनं मामांकडे पाहिलं. "तू म्हणाला होतास, सुचलं."

मामा कानामागे राहिलेला रंग रुमालानं पुसायला लागले.

"मामा, मी तुला विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं."

"अगं, तेव्हा..."

"बायकांना गप्प बसवणाऱ्यांवर नाटक लिहिलं मी," भाची म्हणाली. "आणि कुणाला न विचारता लिहिलं." मग ती मामीकडे गेली. "मामी, मला खरंच माहीत नव्हतं. तो प्रसंग मी काढून टाकते. आजच."

"का गं?" मामी म्हणाली. "चांगला झालाय. हसतात की लोक." तिनं भाचीच्या गालाला हात लावला, वहिनींना म्हणाली, "चला," आणि चालायला लागली. मामा चार पावलं मागून गेले. पूर्ण रस्ताभर वहिनी एकट्याच बोलत होत्या, आणि जिन्यापाशी पोहोचेपर्यंत त्यांच्याही काहीतरी लक्षात आलं असावं, कारण "येते हं" म्हणून त्या आपल्या दारात शिरल्या त्या अगदी मांजराच्या पावलानं.

*

मामीनं चांगले कपडे बदलले नाहीत. ती पुढच्या खोलीत मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसली आणि सांडलेले लाकडी ठोकळे डब्यात टाकायला लागली. मामा उभेच. आपली नेहमीची बसायची जागा त्यांना समोर दिसत होती, पण तिच्याकडे पाय जात नव्हते.

"त्या नर्सला बोलायची काही पोच नाही," ते म्हणाले.

"खरं तेच बोलली ती."

"पण मी चेष्टा म्हणून नव्हतं गं केलं. तिला जमत नव्हतं, सगळे अडले होते, तर... आणि लोक तुला नाही हसत. त्या पात्राला हसतात."

"मीही हसले."

"तेच तर! तूही—"

"मला वाटलं, कोण ही बावळट बाई. वहिनींना म्हटलंसुद्धा. बावळटच आहे म्हटलं." ठोकळा डब्यात पडला. "मग ग्लास पुसला तिनं."

मामांनी हसून बघितलं. जमलं नाही. पोस्टमनचं, पहारेकऱ्याचं, डॉक्टरचं, कुणाचंच वाक्य उपयोगाला येईना. शेवटी ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "चोरून ऐकलं ते चुकलं. लोकांना दाखवलं ते चुकलं. आणि तू येणार कळल्यावर नळ काढायला निघालो, तुला सांगायचं सोडून. ते सगळ्यात चुकलं."

मामी ठोकळे टाकत राहिली. मग म्हणाली, "नळ मी का सोडायचे, माहितीये?"

"मला ऐकू येऊ नये म्हणून."

"तुम्हाला तसंही कुठे ऐकू यायचं? मला ऐकू येऊ नये म्हणून. पुन्हा पुन्हा तेच म्हणताना स्वतःचा आवाज ऐकला की माझीच मला लाज वाटायची. एवढ्याशा गोष्टीला एवढी तालीम! म्हणून पाणी सोडायचे."

बाहेर जिन्यात कुणीतरी वर चढून गेलं. मामांना तहान लागली होती. पाणी प्यायला उठायचीही त्यांना लाज वाटली.

"खुर्ची तर तिनं मनानं घातली," ते म्हणाले. "भाचीनं. मला पुढचं कधी ऐकूच आलं नाही. 'यंदा' एवढंच ऐकू यायचं. 'तुम्हाला वेळ असला तर' एवढंच. इतक्या वेळा दाराशी उभा राहिलो आणि आत यावं असं एकदाही वाटलं नाही मला. बाहेर येऊन तू 'काही नाही' म्हणालीस की मी सुटायचो." त्यांनी डब्याच्या कडेवर हात ठेवला, तिच्या हाताजवळ, पण लागणार नाही इतका दूर. "काय असायचं गं पुढे? यंदा काय? काल काय म्हणत होतीस तू आत?"

मामीनं शेवटचा ठोकळा डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"सांग ना. रागाव, पण सांग. मी आत्ता ऐकतोय."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मुलांकडे बघताना तिच्या डोळ्यांत जो खट्याळपणा असायचा तो त्यांत नव्हता, आणि त्यांच्याकडे बघताना जी घाई असायची तीही नव्हती. ओठ किंचित उघडले. मामा पुढे सरकले.

ती उठली, स्वयंपाकघरातल्या नळाकडे न वळता ठेवणीतल्या चपला पुन्हा पायांत सरकवल्या, दाराची कडी काढली, जिन्यातला दिवा लावला आणि खाली उतरून गेली.